आधी कॅमेरा की आधी घोट?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात 40 खुर्च्यांचं रेस्टॉरंट आहे, वाइन-बिअरचा परवाना आहे. नाशिकच्या एका वायनरीच्या प्रतिनिधी मॅडम पुढच्या आठवड्यात सहा बाटल्या घेऊन येणार आहेत: एक स्पार्कलिंग ब्रूट (बुडबुड्यांची, गोड नसलेली), सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या, गुलाबी रोझे, साधी शिराझ (रेड) आणि ओकच्या लाकडात मुरवलेली एक रिझर्व्ह रेड. त्यातल्या दोन-तीन यादीत घ्यायच्या आहेत आणि त्याच भेटीत मेनूसाठी फोटोही हवेत. मिररलेस कॅमेरा, 50 मिमी लेन्स आणि ट्रायपॉड आहे, फ्लॅश नाही. मॅडमकडे दोनच तास आहेत. कसं जमवायचं?

आधी फोटो, मग चव. बाटल्यांचे फोटो मॅडम टेबलाशी बसायच्या आधीच उरकलेले असले तर सगळ्यात बरं. कॅमेऱ्याला कोरडी, खोलीच्या तापमानाची, सील न तोडलेली बाटली लागते. जिभेला तीच बाटली गार आणि उघडलेली लागते. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर मिनिटाभरात दव धरतं, लेबल धुरकट दिसतं. ती बर्फाच्या बादलीत ठेवली असेल तर लेबलाचा कागद फुगून सुटायला लागतो. एकदा गार केलेली बाटली पुन्हा फोटोजोगी व्हायला तास-दीड तास जातो, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. म्हणून आजच फोन करून त्यांना दोन गोष्टी सांगा: बाटल्या आदल्या दिवशी पोचवा किंवा तासभर आधी या, आणि त्या गार करून आणू नका. लेबलं ओरखडलेली नसावीत हेही सांगून ठेवा. नमुन्याच्या बाटल्या गाडीच्या डिकीत एकमेकींवर घासत फिरतात आणि सोनेरी अक्षरं आधी जातात.

वेळ सकाळी 11 ची ठरवा. जीभ ताजी असते, खिडकीतला उजेड स्थिर असतो आणि स्वयंपाकघर तापलेलं नसतं. कांदा-लसूण मसाल्याची फोडणी बसली की सोव्हिन्यों ब्लांचा वास शोधत बसण्यात अर्थ उरत नाही. आचाऱ्याला साडेबारापर्यंत फोडणी घालू नका म्हणून सांगा. गल्ल्यावरची उदबत्तीही त्या दिवशी चाखणी संपल्यावर लावा. अत्तर, सुगंधी सॅनिटायझर, फिनेलने पुसलेली फरशी, सगळं त्याच यादीत.

आता फोटो. बाटली म्हणजे गोल आरसा आहे, एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम होतं. खोलीत जे जे आहे ते तिच्यात दिसणार: ट्यूबलाइट, पंखा, तुमचा पांढरा शर्ट. फोटो काढताना गडद कपडे घाला, सगळे दिवे बंद करा आणि एकच खिडकी ठेवा. खिडकीवर ट्रेसिंग पेपर चिकटवा. त्याने उन्हाचा कवडसा मरतो आणि बाटलीच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक सलग, मऊ, पांढरी पट्टी उमटते. बाटलीला आकार येतो तो त्या पट्टीमुळे. खिडकी बाजूला ठेवा, पाठीमागे नको. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करा म्हणजे लेबलाची सावलीतली बाजू काळी पडणार नाही. हातात खेळवत ठेवलेला मोबाइलचा टॉर्च मात्र दूरच ठेवा, त्याचा लेबलावर पांढरा ठिपका पडतो आणि नंतर कशानेही जात नाही.

कॅमेरा लेबलाच्या मध्याच्या उंचीवर हवा. वरून टिपलं तर बाटली खाली निमुळती होते आणि खांदे फुगतात. 50 मिमीने जवळ जाऊन चौकट भरू नका. दीड-दोन मीटर मागे सरा आणि नंतर कापा. लेन्सचं छिद्र एफ 8, संवेदनशीलता आयएसओ 100, शटर जेवढं लागेल तेवढं, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉड असल्यावर शटर अर्ध्या सेकंदाचं झालं तरी बाटली कुठे हलते! व्हाइट बॅलन्स ऑटोवर मुळीच नको. बाटलीच्या जागी पांढरा कागद धरून एकदा ठरवा आणि सहाही बाटल्या त्यावरच घ्या, नाहीतर मेनूच्या एकाच पानावर एक लेबल पिवळट आणि शेजारचं निळसर येतं. टेबलावर चिकटपट्टीने बाटलीच्या बुडाची जागा आखून ठेवा. पहिली बाटली लावायला अर्धा तास गेला तरी चालेल, पुढच्या पाच बाटल्या पंचवीस मिनिटांत होतात. काचेला साच्याची उभी शिवण असते आणि मानेवरच्या आवरणाला जोड असतो, दोन्ही मागे वळवा. बाटली मानेला धरून उचला, अंगाला बोटं लागली की ठसे उमटतात. मायक्रोफायबरचं कापड खिशातच असू द्या.

पांढऱ्या वाइनच्या आणि रोझेच्या बाटल्यांना एक युक्ती लागते. नुसत्या बाजूच्या उजेडात त्या मेल्यासारख्या दिसतात. पुठ्ठ्याचा बाटलीपेक्षा किंचित अरुंद तुकडा कापा, त्यावर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पुन्हा सपाट करून लावा आणि तो बाटलीमागे खिडकीकडे थोडा कलता उभा करा. समोरून दिसता कामा नये. त्यातून परतलेला उजेड द्रवातून पुढे येतो आणि वाइन आतून उजळते. शिराझच्या गडद बाटलीला याचा उपयोग जवळपास शून्य, तिथे कडेच्या पट्टीवर समाधान माना. मागचं लेबलही टिपून ठेवा, मेनूसाठी नाही, तुमच्या नोंदीसाठी. अल्कोहोलचं प्रमाण, हंगामाचं वर्ष, उत्पादकाचा पत्ता सगळं तिथे असतं. 2019 पासून अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आरोग्याचा इशाराही लेबलावर बंधनकारक आहे.

सहाही बाटल्या टिपून झाल्या की पहिल्या चार लगेच गार करायला टाका. नुसत्या बर्फात बाटली ठेवण्यापेक्षा बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं चांगलं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. साधारण अर्ध्या तासात काम होतं. स्पार्कलिंगला जास्त वेळ द्या. तिच्या आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, कोमट बाटली उघडली तर बूच छताला आणि निम्मी वाइन टेबलक्लॉथवर. रेड वाइनही काही वेळ फ्रीजमध्ये ठेवा. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी’ हे वाक्य थंड युरोपातल्या खोल्यांचं आहे, तिथे तो आकडा 16 ते 18 अंश असतो. कोल्हापुरात एप्रिलमध्ये खोली 32 अंशांवर असते. त्या तापमानाला कुठलीही शिराझ नाकात नुसतं अल्कोहोल मारते आणि तुम्ही बिचारीला नापास करता. स्पार्कलिंग 6-8, पांढरी 8-10, रोझे 10-12, एवढं सांभाळा. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर पुरतो.

बाटल्या गार होईपर्यंत पेल्यांचे फोटो घेता येतात, पण त्यासाठी वाइन ओतायला हवी, म्हणून ते काम बाटल्या उघडल्यावर, चाखणी सुरू होण्याआधी करा. पेल्याला उजेड बाजूने नको, मागून हवा. तीच ट्रेसिंग पेपरची खिडकी आता पेल्याच्या पाठीमागे येईल अशी मांडणी फिरवा. चौकटीच्या अगदी बाहेर, पेल्याच्या दोन्ही बाजूंना काळी कार्डशीट उभी करा. पारदर्शक काचेला कडा येतात त्या या काळ्या कागदांमुळे, नाहीतर पेला पांढऱ्यात विरघळतो. कॅमेरा इतका उजेड पाहून फोटो काळा करतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) वाढवा. रेड वाइन पेलाभर ओतली की फोटोत डांबर दिसते. 50 मिली ओता, पेला थोडा कलता धरायला सांगा, मग काठाशी पातळ झालेल्या थरात खरा रंग दिसतो. व्यावसायिक छायाचित्रकार रेड वाइनमध्ये पाणी घालून रंग उजळतात हे खरं आहे. मला ते मेनूसाठी पसंत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात मेनू आणि पेला एकाच वेळी असतो.

स्पार्कलिंगचे बुडबुडे पहिल्या काही सेकंदांतच देखणे असतात, त्यामुळे फोकस आधी रिकाम्या पेल्यावर पक्का करून मगच ओतायला सांगा. साबणाचा अंश राहिलेल्या पेल्यात बुडबुडे टिकत नाहीत. पेले गरम पाण्याने विसळून, वाफेवर धरून, वास नसलेल्या सुती कापडाने पुसा. मॅडम ओतताहेत असा फोटो हवा असेल तर परवानगी विचारा. चेहरा नको असं म्हणाल्या तर हात आणि बाटली पुरेशी आहे, बहुतेक वेळा तेच जास्त छान दिसतं. आयएसओ 1600 पर्यंत वाढवून शटर 1/500 च्या आसपास न्या, लेबल कॅमेऱ्याकडे, ओतणं सावकाश, दोनदाच. तिसऱ्यांदा सांगितलं की ओतणाऱ्याचा हात आखडतो आणि ते फोटोत दिसतं. मग कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवा. एका हाताने फोटो आणि दुसऱ्या हाताने चव असं करणारे खूप पाहिले, त्यांच्या वहीत ‘छान आहे’ यापलीकडे काही सापडत नाही.

चाखणीला एकसारखे पेले हवेत, महागडे नकोत. 1977 मध्ये ठरलेला आयएसओचा (कॅमेऱ्यातला नव्हे, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा) चाखणीचा पेला जेमतेम 215 मिलीचा, वर निमुळता असतो. त्याच्या जवळपासचा कुठलाही चालेल. प्रत्येकी 50 मिली. थुंकायला स्टीलचं भांडं, पिकदाणी म्हणा हवं तर, प्रत्येकाला वेगळं. थुंकणं अपमानाचं नाही, मॅडम स्वतः थुंकतील. सहा वाइनचे 300 मिली पोटात गेले तर 13 टक्क्यांच्या हिशेबाने साधारण 30 ग्रॅम अल्कोहोल होतं. वाहन चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, ती बहुतेकांच्या बाबतीत सहज ओलांडली जाईल. आणि मॅडमना पुढे सांगलीला गाडी न्यायची असते.

क्रम: ब्रूट, सोव्हिन्यों, रोझे, शेनिन, मग पाव आणि पाणी, मग शिराझ, शेवटी ओकवाली. नाशिकच्या बऱ्याच शेनिन ब्लां किंचित गोडसर ठेवलेल्या असतात. ती रोझेच्या आधी घेतली तर रोझे उगाच आंबट लागते. मधे खायला साधा लादी पाव, बाकी काही नको. चकली-शेंगदाणे मांडलेत तर मीठ आणि तेल मिळून सगळ्याच वाइन गुळगुळीत लागतात, विकणाऱ्याला ते आवडतंच.

पहिली फेरी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्यांची करा आणि ओतायचं काम तुमच्या वेटरला द्या. मॅडमना आधी नम्रपणे सांगा की पहिली वीस मिनिटं आम्ही गप्प बसून लिहिणार, गोष्ट नंतर ऐकू. त्यांनी ‘काळी चेरी’ म्हटलं की तुमच्या जिभेला काळी चेरीच लागायला लागते, हे टाळायचं आहे. तुम्ही काळी चेरी कितीदा खाल्ली आहे? जांभूळ लागलं तर जांभूळ लिहा, करवंद लागलं तर करवंद. सोव्हिन्यों ब्लांमध्ये आवळा, पेरू आणि ढोबळी मिरची सापडेल. ढोबळी मिरचीचा वास ज्या पायराझिन गटातल्या संयुगांनी येतो तीच या द्राक्षातही असतात, म्हणजे हा भास नव्हे. शिराझमधली काळी मिरीही तशीच, तिथे रोटंडोन नावाचं संयुग असतं आणि तेच मिरीत असतं. तुमचे वेटर याच शब्दांत वाइन विकणार आहेत.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बुचाची बाधा, दुसरी बाटली मागा. फिरकीचं झाकण असलेल्या बाटल्यांत ही भानगड जवळपास नसते. नेलपॉलिशसारखा वास किंवा पांढऱ्या वाइनला तपकिरी झाक आणि मार लागलेल्या सफरचंदाचा वास आला तरी तसंच. दोष बाटलीचा की वाइनचा, ते दुसरी बाटली उघडल्याशिवाय ठरवू नका.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची फेरी, जी बहुतेक ठिकाणी होतच नाही. साडेबाराला आचाऱ्याला मोकळं करा आणि तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण वाट्या-वाट्यांत मागवा. नुसती चाखताना जी वाइन पहिली आली ती जेवणासोबत शेवटची ठरू शकते, आणि तुमचं गिऱ्हाईक वाइन नुसती पिणार नाही. मिरचीची आग तोंडातल्या ज्या संवेदकांना जाणवते त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे 14 टक्क्यांची वाइन तांबड्या रश्शाच्या आगीत तेल ओतते. त्यात ओकमधून आलेला आणि सालींचा तुरटपणा मिळाला की तोंड कोरडं पडतं आणि वाइन कडू लागते. मॅडम रिझर्व्ह रेडच पुढे करतील, तिची किंमत जास्त आहे. एक चमचा तांबडा, एक घोट रिझर्व्ह, आणि त्यांच्यासमोरच निकाल लागेल. त्याच रश्शाला गोडसर, गार शेनिन ब्लां विझवते. माझा अनुभव शेनिनच्या बाजूने आहे, रोझे दुसरी. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचा स्निग्धपणा असतो, तो कापायला ब्रूटचा आंबटपणा आणि बुडबुडे छान. सुक्या मटणाला साधी, ओक नसलेली शिराझ चालते, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा ओढून घेतात. मसाला मात्र घरच्यासारखा ठेवा, पर्यटकांसाठीचा जळजळीत नको. सोव्हिन्यों ब्लां रश्श्यांपुढे हरवेल. तुमच्याकडे मासे नसतील तर ती सोडा.

मग गोष्ट ऐका, आणि प्रश्न विचारा. पहिला प्रश्न वर्षाचा. नाशिकला द्राक्षाची वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी (वेलीच्या वाढीसाठी), पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे 2024 ची नाशिकची वाइन त्याच वर्षाच्या फ्रेंच वाइनपेक्षा अर्ध्या वर्षाने मोठी. सोव्हिन्यों, शेनिन, रोझे ताज्या प्यायच्या वाइन आहेत, दोन वर्षांहून जुन्या मी यादीत घेत नाही. हातातला नमुना ताज्या हंगामाचा आणि वितरकाकडून येणारी पेटी मागच्याच्या मागच्या हंगामाची, असं घडतं. कुठल्या वर्षाचा माल येणार ते ऑर्डरवर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न माल कुठे साठवलेला आहे. मॅडमची बाटली वायनरीच्या थंड तळघरातून आलेली असते. तुमची पेटी पत्र्याच्या गोदामात मे महिना काढून येऊ शकते. तापलेल्या वाइनचं बूच किंचित वर सरकतं, मानेवरच्या आवरणाखाली चिकट ओघळ दिसतो, फळाचा ताजा वास जाऊन मुरांब्यासारखा शिजलेला वास येतो. शक्य असेल तर पहिल्या ऑर्डरआधी वितरकाच्या गोदामातली एक बाटली विकत घ्या आणि नमुन्याशेजारी ठेवून चाखा. गोदाम वातानुकूलित नसेल तर उन्हाळ्यात मोठी ऑर्डर देऊ नका, सवलत कितीही असो.

बाकीचे प्रश्न झटपट: लिटरला किती ग्रॅम साखर उरली आहे, ओक म्हणजे पिंप की लाकडाचे तुकडे, आणि किती महिने. तुकडे वापरले म्हणून वाइन वाईट होत नाही, पण मग किंमत पिंपाची का? उत्तर माहीत नसेल तर चांगली प्रतिनिधी ‘विचारून कळवते’ म्हणते आणि कळवते. छाटणीबद्दल विचारल्यावर खुलून बोलणारी व्यक्ती बागेत जाऊन आलेली असते. अशा व्यक्तीकडून वर्षभर मदत होते, वेटरांना शिकवायलाही ती येते.

फोटोंचं एक राहिलं. ते इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी थांबा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 24 मध्ये मद्याच्या जाहिरातीवर बंदी आहे. तुमच्या टेबलावरचा मेनू आणि सगळ्या जगाला दिसणारी ‘या आणि प्या’ छापाची पोस्ट यांत फरक आहे, तो तुमचं परवान्याचं काम पाहणाऱ्या सल्लागाराकडून समजून घ्या. मॅडमनाही फोटो हवे असतील तर द्या, पण ते कुठे वापरणार हे लेखी ठरवून. वायनरीच्या जाहिरात खात्याला फुकट छायाचित्रकार मिळाला असं व्हायला नको.

उरलेली वाइन ओतून टाकू नका. सहाही बाटल्यांत बरीच वाइन शिल्लक असेल. झाकणं घट्ट लावा, ब्रूटला स्पार्कलिंगचा खास अडकण लावा, सगळ्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेटरांना बसवून पुन्हा चाखा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पेल्याने विकायची तर 150 मिलीच्या हिशेबाने बाटलीतून पाच पेले निघतात, आणि कोल्हापुरात मंगळवारी रात्री पाच पेले खपतीलच असं नाही. तिसऱ्या दिवशीही जिला वास आणि आंबटपणा शाबूत आहे तीच पेल्याच्या यादीत घ्या, बाकीच्या पूर्ण बाटलीनेच. पहिली ऑर्डर एकेका पेटीची, मला वाटतं शेनिन आणि शिराझची. ब्रूटची अर्धी पेटी देतात का विचारून पाहा.